तलवारीचाही पाठ असतो

खंडेनवमीला आपल्याकडे घरोघर शस्त्रपूजा होते. कुणाकडे कोयता-विळा पुजला जातो, कुणाकडे गाडीची चावी, आणि पन्हाळ्याच्या परिसरातील एखाद्या जुन्या घरात वर्षभर माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलेली तलवार त्या दिवशी पाटावर येते. तीन वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी आम्हा दोघांना अशीच एक तलवार पाहण्यासाठी आपल्या गावी घेऊन गेला. त्याच्या आजोबांनी सांगितले, आमचा मूळपुरुष बाजीप्रभूंबरोबर घोडखिंडीत लढला, ही त्याची तलवार. आम्ही ती हातात घेतली. मुठीजवळ पात्यावर ठिपके ठोकून काढलेली काही अक्षरे होती. त्यांतला एक अंक आणि अर्धे अक्षर एवढेच शिल्लक होते. बाकीचा भाग आरशासारखा गुळगुळीत. आजोबा सहज म्हणाले, "दरसाल घासतोयच की, सर. गंजकी तलवार पूजेला कशी ठिवायची?" चिंच, लिंबू, राख आणि अलीकडे पॉलिशपेपर. म्हणजे त्या तलवारीवर जो एकमेव लेखी पुरावा होता, तो पूजेच्या भक्तीनेच दरवर्षी थोडाथोडा पुसला गेला होता.

हा प्रसंग आम्ही विसरू शकलो नाही, कारण आम्ही मराठीचे अध्यापक आहोत. हस्तलिखितावर कुणी पाणी सांडले तर आमचा जीव कासावीस होतो. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही सांगतो की संहितेचा प्रत्येक थर वेगळा ओळखावा, मूळ कोणते आणि प्रक्षिप्त कोणते हे तपासावे, आणि परंपरेने जोडलेले कर्त्याचे नाव पुराव्याशिवाय स्वीकारू नये. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, याचा आपण केवढा गौरव करतो! मग जुन्या शस्त्रांच्या बाबतीत ही दृष्टी आपल्याला का सोडून जाते? आमचे म्हणणे एवढेच आहे की तलवार हीसुद्धा एक संहिता आहे, आणि ती वाचण्याचे काम केवळ हौशी संग्राहकांवर सोपवून भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकांनी स्वस्थ बसू नये.

थरांचे उदाहरण तलवारीच्या रचनेतच आहे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या तलवारींत पात्याचा शेपटासारखा निमुळता भाग मुठीच्या पोकळीत घालून वितळलेल्या लाखेने किंवा राळेने पक्का केलेला असतो. मूठ तापवली की लाख सुटते. त्यामुळे पाते तुटले की मूठ जपून नवे पाते बसवायचे, अथवा उत्तम पाते वारशाने आले की आपल्या पसंतीची मूठ चढवायची, हा सर्रास चालणारा व्यवहार होता. एकाच तलवारीत पाते सतराव्या शतकातले आणि मूठ एकोणिसाव्या शतकातली असू शकते. 'ही तलवार किती जुनी?' हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. पाते किती जुने, मूठ किती जुनी, आणि दोन्ही एकत्र कधी आली, असे तीन प्रश्न विचारावे लागतात.

पात्यांची कथा तर आणखी गुंतागुंतीची आहे. आपण ज्याला अस्सल मराठी शस्त्र समजतो, त्या फिरंगेचे नावच तिचे परदेशी कूळ सांगते. युरोपात घडलेली लांब, सरळ पाती सागरी व्यापारातून पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि येथे त्यांना देशी मूठ चढवली जाई. त्या पात्यांची ख्याती इतकी होती की युरोपी कारागिरांच्या खुणांची नक्कलही होऊ लागली. म्हणून खूण दिसली एवढ्यावर पाते परदेशी ठरत नाही. खूण कोणत्या पोलादावर आहे आणि किती सफाईने उठवली आहे, हे पाहावे लागते. शिवकाळातच रघुनाथपंडितांच्या राज्यव्यवहारकोशात शस्त्रवर्ग स्वतंत्रपणे आला, तो वाचताना शब्द आणि वस्तू यांचे नाते केवढे जवळचे आहे हे जाणवते. शब्द कळला नाही तर वस्तू ओळखता येत नाही आणि वस्तू पाहिली नाही तर शब्द पोकळ राहतो.

याचे अलीकडचे उत्तम उदाहरण नागपूरकर रघूजी भोसले पहिले यांच्या तलवारीचे. २०२५ च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते युरोपी, मूठ एतद्देशीय, आणि पात्यावर देवनागरी लेख. त्या लेखात रघूजींचे नाव आहे, 'सेनासाहेबसुभा' हे त्यांचे पद आहे आणि 'फिरंग' हा शब्दही आहे. ही तलवार रघूजींच्या नावाशी जोडता आली ती दंतकथेमुळे नव्हे. तिच्यावरील अक्षरे कुणी घासून टाकली नव्हती, म्हणून. ती अक्षरे गेली असती तर उरले असते एक देखणे पण निनावी पाते.

उलट बाजूचे उदाहरणही सर्वांना ठाऊक आहे. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यात प्रदर्शनासाठी आली. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वंशजांकडे आणि तेथून संग्रहालयाकडे गेली. सोबतच्या पेटीवरचा इंग्रजी मजकूर त्यांचे नाते शिवरायांशी जोडतो. परंतु अफजलखानाचा वध १६५९ मधला आणि ग्रँट डफ साताऱ्यात आला १८१८ मध्ये. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांचा दुवा हाती नाही, आणि हीच ती वाघनखे असे सिद्ध करता येत नाही हे त्या संग्रहालयानेच मान्य केले आहे. कोल्हापुरातील इतिहास-अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी या प्रश्नावर जाहीरपणे आक्षेप घेतले, तेव्हा अनेकांना ते श्रद्धेवरचे आक्रमण वाटले. आम्हाला मात्र ती साधी पाठचिकित्सा वाटली. पेटीवरचा मजकूर हा पुरावाच आहे, पण तो १६५९ चा नाही. मागाहून कुणीतरी काय मानले, याचा तो पुरावा आहे.

आणि जगदंबा तलवार? १८७५-७६ च्या दौऱ्यात ब्रिटिश युवराज एडवर्ड याला कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून जी तलवार भेट गेली आणि जी आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे, तिचे पाते युरोपी असून त्यावर येशूच्या नावाची लॅटिन आद्याक्षरे आहेत. ज्यांना हे ऐकून धक्का बसतो, त्यांना आम्ही विचारतो की यात कमीपणा कुठे आला? समुद्रापलीकडचे उत्तम पोलाद पारखून घेणारी दृष्टी हीच तर त्या काळाची थोरवी आहे.

हा पेच केवळ आपलाच नाही. १८९९ नंतरच्या युद्धात अमेरिकी सैनिकांनी फिलिपिन्समधून अनेक तलवारी आणि सुऱ्या आठवण म्हणून घरी नेल्या. आज त्यांचे संग्राहक त्या वस्तूंचे प्रदेश आणि काळ ठरवताना असेच बारकावे पाहतात. दक्षिणेकडील बेटांतल्या क्रिस या तलवारीत पूर्वी मुठीलगतचा भाग वेगळा घडवून पात्याला जोडत. विसाव्या शतकात पुढे दोन्ही अखंड घडवू लागले, पण जुन्या सांध्याच्या जागी नुसती रेघ कोरायची रीत राहिली. सांधा खरा की कोरलेला, एवढ्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी कुणाच्या पराक्रमाची गोष्ट लागत नाही.

आपल्याकडे बाजार मात्र गोष्टीवर चालतो. नवे पाते आम्लात बुडवायचे, मातीत पुरायचे, जुनी मूठ चढवायची आणि एखाद्या सरदाराचे नाव जोडून विकायचे. एका विक्रेत्याने आम्हालाच अशी एक 'पानिपतची' तलवार दाखवली होती. तांबूस, भुसभुशीत गंज सगळीकडे अगदी सारखा पसरलेला. खरा जुना गंज काळपट असतो, चिवट असतो, आणि मूठ जिथे हाताखाली झिजते तिथेच झिजते. नावाची हाव ज्याला असते, तो या गोष्टी पाहतच नाही.

आमच्यावर एक आक्षेप येईल, तो आम्ही स्वतःवरही घेतला आहे: एखाद्या शेतकरी घराने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला अभिमान हिरावून घेण्याचा अधिकार प्राध्यापकांना कुणी दिला? तो कुणालाच नाही. म्हणून घरातील कथा खोटी ठरवून टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. ती मौखिक वाङ्मय आहे. सांगणाऱ्याचे गाव, वय, शब्द यांसह ती जशीच्या तशी उतरवून घ्यावी. मात्र वस्तूचे वर्णन वेगळ्या पानावर लिहावे. पात्याची लांबी-रुंदी, वजन, मुठीची घडण, अक्षरे असल्यास तिरप्या प्रकाशात घेतलेले छायाचित्र. दोन पाने एकत्र ठेवावीत, पण एकाची शाई दुसऱ्यावर उतरू देऊ नये. मूठ तापवून सोडवू नये. घासू तर मुळीच नये. कोरड्या मऊ कापडाने पुसून तेलाचा पातळ हात पुरे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही घरच्यांना सांगावे.

हे काम मराठी विभागांना सहज जमण्यासारखे आहे. देवनागरी अंकांची जुनी वळणे आमच्या विद्यार्थ्यांना ओळखता येतात, मोडी वाचणारे त्यांच्यात आहेत, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या माळ्यावर अशी शस्त्रे आहेत. न्यू पॅलेसमधील संग्रहालयात राजघराण्याची शस्त्रे काचेमागे सुखरूप आहेत. ज्याचे नाव कुठल्याही बखरीत नाही त्या शिपाईगड्याच्या तलवारीची नोंद मात्र आपण केली नाही तर कुणीही करणार नाही.

त्या घरी आम्ही आजोबांना घोडखिंडीविषयी काही बोललो नाही. त्या उरलेल्या अंकावर बोट ठेवून एवढेच सांगितले की असा आकडा बहुधा शिलेखान्यात मोजदादीसाठी घालत. तेव्हा ही तलवार कधीतरी कुणाच्यातरी नोकरीत असावी, आणि हे उरलेले अक्षर गेले तर तेही कळायचे नाही. ते बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिले. पुढच्या नवमीला विद्यार्थ्याने छायाचित्र पाठवले. पाटावर तलवार होती, झेंडूची माळ होती, आणि पाते काळपटच होते.