शाहरुखच्या पडलेल्या पिक्चरनं न्यूज चॅनेलचा धंदा 2000 सालीच ओळखला होता

एका माणसाला फाशी होणार आहे. चॅनेलवाले ती लाईव्ह दाखवायच्या तयारीत आहेत आणि त्यासाठी प्रायोजकही मिळालेत.

ही गोष्ट आहे 'फिर भी दिल है हिंदुस्तानी'मधली. अझीझ मिर्झा यांचा हा पिक्चर 21 जानेवारी 2000 ला आला. शाहरुख खान, जुही चावला आणि मिर्झा यांच्या 'ड्रीम्ज अनलिमिटेड'ची ही पहिलीच निर्मिती. पण बरोबर आठवडाभर आधी हृतिक रोशनचा 'कहो ना प्यार है' रिलीज झाला होता. गर्दी तिकडे वळली आणि हा पिक्चर पडला.

पिक्चरमध्ये होतं काय?

अजय बक्षी (शाहरुख) आणि रिया बॅनर्जी (जुही) हे दोन प्रतिस्पर्धी चॅनेलचे रिपोर्टर. पहिला बराचसा पिक्चर एकमेकांवर कुरघोडी करण्यात, हसण्या-गाण्यात जातो. मग एका बड्या माणसाचा खून होतो आणि मोहन जोशी (परेश रावल) आरोपी ठरतो. राजकारणी त्याला दहशतवादी म्हणतात, चॅनेलवरही तेच चालतं. खरं तर तो मुलीवर झालेल्या अत्याचाराचा बदला घेणारा बाप असतो.

अजय आणि रियाला हे कळतं. पण एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारे त्यांचे मालक इथे एक होतात. कारण सत्य दाखवण्यापेक्षा फाशी दाखवणं जास्त फायद्याचं असतं.

आता टायमिंग बघा. तेव्हा 'आज तक' हे 24 तासांचं चॅनेल सुरूही झालं नव्हतं, ते आलं 31 डिसेंबर 2000 ला. मराठीत 'स्टार माझा' (आताचं 'एबीपी माझा') आणि 'झी 24 तास' यायला 2007 उजाडलं.

मग खऱ्या आयुष्यात काय झालं?

26 नोव्हेंबर 2008. मुंबईवर हल्ला झाला आणि ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊसमधली कारवाई घराघरात लाईव्ह दिसत होती. तीच दृश्यं हल्लेखोरांचे पाकिस्तानातले सूत्रधारही बघत होते. 2012 मध्ये कसाबच्या अपिलावर निकाल देताना सुप्रीम कोर्टानं या कव्हरेजवर कडक शब्दांत टीका केली. पुढे 2015 मध्ये नियम बदलला आणि दहशतवादविरोधी कारवाईच्या लाईव्ह प्रक्षेपणावर बंदी आली.

दुसरा विषय टीआरपीचा. कोण काय बघतं हे मोजण्यासाठी 'बार्क' ही संस्था निवडक घरांत मीटर बसवते. 2020 मध्ये अशी घरं देशभरात 40 हजारांच्या वर होती, मुंबईत साधारण 2 हजार. एवढ्या घरांवरून कोट्यवधींच्या जाहिराती ठरतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला की, ठरावीक चॅनेल लावून ठेवायला काही घरांना पैसे दिले गेले. 'बार्क'नं न्यूज चॅनेलचं रेटिंग थांबवलं, ते मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झालं. पुढे सरकारनं हा खटला मागे घ्यायचं ठरवलं आणि 2024 मध्ये कोर्टानं परवानगी दिली.

पिक्चर कुठे कमी पडला?

शेवटी अजय आणि रिया सत्य थेट लोकांसमोर ठेवतात, लोक रस्त्यावर येतात आणि सगळं गोड होतं. म्हणजे रिपोर्टरचं मन बदललं की चॅनेल सुधारतं! प्रत्यक्षात रिपोर्टर नोकरी सोडतो, मीटर मात्र तिथेच राहतं. 26/11 नंतर बदल झाला तो नियमामुळे. बातमीची किंमत किती जणांनी पाहिली यावर ठरते, त्याला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आणि आता तर मीटर त्या निवडक घरांपुरतं राहिलेलं नाही. ते आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. डिबेटमधल्या आरडाओरड्याची क्लिप आपण 'काय चाललंय हे!' म्हणत शेअर करतो, तेव्हा आपण चिडून बघितलं की आवडीनं, हे मोजलं जात नाही. मोजला जातो फक्त व्ह्यू. त्या फाशीच्या शोलाही प्रायोजक मिळाले होते, ते याच हिशेबावर.