मूल जन्मते ते कोणाचे देणे घेऊन?

सप्ताहाच्या मंडपात बुवा सांगतात, "आमचा धर्म माणसाला अमृताचा पुत्र म्हणतो, ख्रिस्ती धर्म त्याला जन्मजात पापी म्हणतो. आता मोठा धर्म कोणता, हे तुम्हीच ठरवा!" तिकडे ख्रिस्ती उपदेशक सांगतात, "आमचा देव एक, तारणारा एक. तुमचे देव तेहतीस कोटी, पण पापातून सोडविणारा त्यांत कोण?" आमचा शेतकरी-कारागीर बंधू दोघांपुढेही मान डोलावतो आणि घरी जातो. अहो बंधूंनो, बाजारात बैल घेताना तुम्ही त्याचे दात पाहता, चार पावले चालवून पाहता. मग धर्म तेवढा नुसत्या बोलण्यावर का घेता?

आम्ही हे दोन्ही बैल चालवून पाहणार आहोत. कसोटी एकच लावू. आज पहाटे गावात जे मूल जन्माला आले, त्याच्या खात्यावर हे धर्म काय मांडतात?

ख्रिस्ती शास्त्र म्हणते, देवाने माणूस आपल्या प्रतिमेप्रमाणे घडविला. परंतु पहिल्या माणसाने, आदामाने, आज्ञा मोडली आणि त्याचा डाग साऱ्या वंशाला लागला. म्हणजे मूल जन्मते ते आदामाचे देणे घेऊन. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या धर्मपंडिताने तर बाप्तिस्म्यावाचून गेलेले तान्हे मूलही दोषी ठरविले. सर्व ख्रिस्ती पंथांना हे मान्य नाही. पण ज्यांनी मानले, त्यांनी पाळण्यातल्या जिवाकडून कर्जरोखा लिहून घेतला की नाही?

आता घरचे पाहू. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी, माणसाला पापी म्हणणे हेच पाप होय, असे ठासून सांगितले. बोल सोन्याचा. पण पोथी उघडली की काय दिसते? छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात बाप आपल्या मुलाला शिकवितो की, जे ब्रह्म ते तूच आहेस. हे वचन बुवा मोठ्या आवाजात सांगतात. त्याच उपनिषदाचा पाचवा अध्याय मात्र ते हळूच उलटतात. तिथे म्हटले आहे की, चांगल्या आचरणाचे लोक ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्यांच्या पोटी येतात आणि वाईट आचरणाचे लोक कुत्री, डुक्कर किंवा चांडाळ यांच्या पोटी. एका पानावर माणूस ब्रह्म, मागच्या पानावर माणूस कुत्र्याच्या रांगेत! हे मूलही देणे घेऊनच जन्मले. फक्त ते आदामाचे नव्हे, त्याच्याच मागल्या जन्माचे. आणि मागल्या जन्माची वही कोणाजवळ? ज्याला वाचता येते म्हणून सांगितले, त्याच्याजवळ!

मग दोघांत भेद नाही काय? आहे, आणि मोठा आहे. आदामाचे देणे राजापासून रंकापर्यंत सर्वांवर सारखे आहे. कर्माचे देणे घराघराप्रमाणे वेगळे आहे. जो आधीच दडपलेला, त्याच्यावर ते जास्त. सर्व सारखे पापी म्हटले, तर निदान सर्वांना एका पंगतीला बसता येते. सर्वांच्या अंतरी ब्रह्म म्हणून पंगती मात्र वेगळ्या मांडल्या, तर त्या ब्रह्माने कोणाचे पोट भरते?

याचा दाखला आमच्या जालन्यातच आहे. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने 1843 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याने जालन्यास येऊन मिशन उभारले, निजामाच्या राज्यात जमीन मिळविली आणि बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. त्याच्याकडे आले ते बहुतेक मांग-महार बांधव. ते काय आदाम आणि हव्वा यांची गोष्ट ऐकून आले? आमचे मत विचाराल तर, ज्या घराच्या सावलीलाही आपण विटाळ मानला, तिथे एक ब्राह्मणाचा मुलगा जाऊन बसला, हाच त्यांना खरा उपदेश वाटला असेल.

त्याच वर्षाची दुसरी गोष्ट ऐका. नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत काही दिवस मिशनऱ्यांकडे राहिला, तिथे जेवला. बापाने कोर्टात दावा लावला व कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. पण जात त्याला परत घेईना! 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावे म्हणून झटले, तर त्यांच्यावरच सनातन्यांचा रोष झाला. अमृताचा पुत्र चार घास अन्नाने नासतो, तर ते अमृत कसले?

पाद्री साहेबांनीही फार खूश होऊ नये. सर्व सारखे पापी म्हणणाऱ्यांच्याच राष्ट्रांनी आफ्रिकेतली माणसे जहाजांत कोंबून विकली, आणि बायबलातल्या पत्रांत दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असेही लिहिले आहे. दक्षिणेत तमिळ मुलुखातल्या कित्येक देवळांत ख्रिस्ती झालेल्या दलितांना बसायला जागा वेगळी आणि मेल्यावर पुरायलाही जागा वेगळी मिळाली. देणे सारखे म्हणून सांगितले, वसुली मात्र जात पाहूनच केली!

जोतीराव फुल्यांनी ही दोन्ही खाती तपासली होती. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांचे चांगले काम त्यांनी मोकळ्या मनाने वाखाणले, येशूला बळीराजाच्या मालिकेत बसविले. पण बाप्तिस्मा घेतला नाही. 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना सोडविणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. त्यांच्या मागे 1891 साली 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' निघाले. त्यात निर्मिक एक, सर्व स्त्रीपुरुष जन्मतः स्वतंत्र आणि सारख्या हक्काचे, आणि निर्मिक व माणूस यांच्यामध्ये दलाल नको, असा त्यांचा निवाडा आहे. एकाच घरात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि तरी सर्व प्रेमाने नांदतात, असे घर त्यांनी कल्पिले. मूल कोणाचेच देणेकरी नाही, हे पटल्यावाचून असे घर उभे राहत नाही.

जिथे जन्माआधीचे देणे, तिथे सावकार आलाच. तो गंध लावून येवो की झगा घालून येवो! आपल्या बापजाद्यांनी निरक्षरपणामुळे सावकाराच्या कागदावर अंगठे उठविले. आता आपली पोरे वाचतात. आमच्या शाळेच्या हजेरीपटावर मांगवाड्यातले मूल आणि पाटलाचे मूल एकाखाली एक आहेत. पाटी हाती दिली की बाराखडी दोघांनाही सारखीच गिरवावी लागते. मागल्या जन्मात हुशार होऊन आलेले मूल आम्हांस अजून आढळले नाही. घरी दिवा आणि पोटात भाकर असलेले मूल पुढे जाते, हे मात्र रोज आढळते.

तेव्हा पुढच्या सप्ताहाला बुवा येतील, पुढच्या सभेला उपदेशक येतील, तेव्हा हात जोडा, पाणी द्या आणि उभे राहून तीनच प्रश्न विचारा. आमचे मूल कोणाचे देणे घेऊन जन्मले? त्याचा कागद दाखवा. आणि ते फेडले, तर तुमच्या घरी आमच्या ताटाला ताट लागेल काय?

तिसऱ्या प्रश्नाला जो होय म्हणेल, त्याचा देव कोणताही असो, तो आपला सोयरा. जो आकाशाकडे पाहील, त्याला वेशीपर्यंत पोहोचवून या.

— एक गावमास्तर, जालना जिल्हा