पन्नासाचा उंबरठा आणि वागळे इस्टेटचे पाळणाघर

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. शेडच्या मालकाने स्वतःची विहीर खणावी, स्वतःचा रस्ता बांधावा आणि स्वतःचे वीजकेंद्र उभारावे, अशी अपेक्षा त्या वेळी कोणी धरली नव्हती. या गोष्टी एकट्या लहान कारखानदाराच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, तेव्हा त्या सार्वजनिक यंत्रणेने सामायिक रीतीने पुरवाव्यात आणि त्यांचा आकार सर्वांकडून वसूल करावा, हे तत्त्व मालकवर्गाने विनातक्रार मान्य केले. सामुदायिक व्यवस्थेची इतकी गोडी या वर्गाला एरवी सहसा लागत नाही. परंतु त्याच शेडमध्ये कामाला येणाऱ्या बाईच्या तान्ह्या मुलाचा प्रश्न आला की हे तत्त्व एकदम विसरले जाते. पाणी सामायिक, रस्ता सामायिक, सांडपाण्याची गटारे सामायिक, आणि मूल तेवढे ज्याचे त्याने सांभाळावे!

या विस्मृतीला कायद्यानेच आधार दिला. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 48 व्या कलमाने पाळणाघराची सक्ती केली, परंतु ती एकेका कारखान्यापुरती. प्रारंभी पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे, आणि 1976 च्या दुरुस्तीनंतर तीसहून अधिक स्त्रिया असतील तेथे, सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असावे, असे ते कलम सांगत होते. कलम वाचायला चांगले होते. मुलांना मोफत दूध किंवा खाऊ देण्याची, कपडे धुण्या-बदलण्याची, आईला मधूनमधून मुलाला पाजू देण्याची तरतूद नियमांनी करावी, इतका विचार त्यात होता. पण तीस हा आकडा मालकाला कर्तव्यापेक्षा पळवाट म्हणूनच अधिक उपयोगी पडला. हजेरीपटावर तीस बायका ठेवायच्या आणि एकतिसावीचे नाव कंत्राटदाराच्या वहीत घालायचे, ही हातचलाखी कामगार चळवळीला जुनी परिचयाची आहे.

वागळे इस्टेटमध्ये तर हातचलाखीचीही गरज उरली नाही. मोठे कारखाने एकामागून एक बंद पडले. त्यांच्या जागेवर आयटी पार्क आणि लहानलहान गाळ्यांच्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. समजा, अशा एका इमारतीत वीस गाळे आहेत आणि प्रत्येक गाळ्यात पॅकिंगच्या, शिलाईच्या, जुळणीच्या कामावर बारा बायका आहेत. एका छपराखाली दोनशे चाळीस बायका झाल्या. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते वीस वेगळे धंदे, आणि त्यातील एकावरही पाळणाघराची जबाबदारी नाही. वीसही मालक कायद्याचे पालन करीत आहेत आणि दोनशे चाळीस आयांची मुले वाऱ्यावर आहेत!

ही मुले कोठे असतात, हे किसननगर, पडवळनगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर या वस्त्यांत सकाळी आठच्या सुमारास फिरणाऱ्या कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही. एखादे शेजारणीच्या दहा बाय दहाच्या खोलीत चार इतर मुलांबरोबर असते. त्या शेजारणीला पैसे द्यायचे ते महिन्याच्या पगारातूनच. एखादे गावी आजीकडे पाठवलेले असते आणि आई त्याला गणपतीत आणि मे महिन्यात भेटते. एखाद्याला नऊ वर्षांची बहीण सांभाळते. म्हणजे एका पाळणाघराच्या अभावी एका मुलीची शाळा सुटते. मूल तापले की आईचा खाडा, आणि खाडे वाढले की सुपरवायझरची बोलणी आणि शेवटी नोकरीच जाते. स्त्रिया टिकून काम करीत नाहीत, अशी तक्रार मग तोच मालक करतो.

2017 साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक ठरले. 21 नोव्हेंबर 2025 रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या, तेव्हा हीच पन्नासाची मर्यादा त्यांनीही उचलली. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मोजणी आता केवळ स्त्रियांची नसून सर्व कामगारांची आहे, आणि त्यामुळे स्त्रियांना कामावर न घेण्याचे एक निमित्त मालकाच्या हातून गेले. मूल बापाचेही असते, हे कायद्याला उशिरा का होईना कळले. परंतु बारा बायका आणि आठ पुरुष असलेल्या गाळ्याला पन्नास हा उंबरठा काय आणि पाचशे काय, सारखाच. त्यातच नव्या संहितेने विजेवर चालणारा कारखाना दहाऐवजी वीस कामगारांपासून कारखाना मानला आहे. लहान गाळा त्यामुळे कायद्याच्या नजरेआडच गेला.

याच संहितांत एक ओळ अशी आहे, जिच्याकडे कार्यकर्त्यांचे लक्ष जायला हवे. अनेक आस्थापनांनी एकत्र येऊन, आपली साधने एकवटून सामायिक पाळणाघर चालवावे, किंवा सरकार, नगरपालिका, स्वयंसेवी संस्था यांच्या पाळणाघराचा लाभ घ्यावा, अशी मुभा तेथे दिली आहे. वागळे इस्टेटसाठी याहून उचित उपाय नाही. दोष इतकाच की ही मुभा ज्यांच्यावर सक्ती आहे त्यांच्या सोयीसाठी दिली आहे. जे पन्नासाच्या खाली आहेत त्यांना एकत्र येण्यास कोणीही भाग पाडीत नाही. पाण्याची जोडणी घ्यायची की नाही हे मालकांच्या मर्जीवर सोडून जलवाहिनीचा खर्च निघाला असता काय?

सरकारी योजनांची कथा याहून उद्वेगजनक आहे. राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजनेखाली 2015 च्या सुमारास देशात तेवीस हजारांहून अधिक पाळणाघरे चालू होती. 2020 पर्यंत ती साडेसहा हजारांच्या आसपास उरली. मधल्या काळात देशातील मुले कमी झाली नव्हती. 1 जानेवारी 2017 पासून योजनेचे नाव आणि खर्चवाटपाचे सूत्र तेवढे बदलले होते. केंद्राने साठ टक्के, राज्याने तीस टक्के आणि पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेने दहा टक्के भार उचलावा, असे ते सूत्र होते. म्हणजे जी मूल सांभाळते तिनेच वर देणगीही गोळा करावी! त्या योजनेत पाळणाघर सेविकेला महिना 3,000 रुपये आणि मदतनीस बाईला 1,500 रुपये मानधन होते. काम दिवसाला साडेसात तास, महिन्याला सव्वीस दिवस. हिशेब केला तर सेविकेच्या पदरात तासाला पंधरा रुपयांच्या आसपास आणि मदतनिसाच्या पदरात आठ रुपयेसुद्धा पडत नाहीत. 2022 पासून ही योजना ‘पाळणा’ या नावाने ‘मिशन शक्ती’मध्ये गेली आणि रकमा थोड्या वाढल्या, परंतु वेतन हा शब्द अजून त्या कागदांत शिरलेला नाही. मानधन हा शब्द वापरला की किमान वेतन टळते, हे सरकारला पक्के ठाऊक आहे. अंगणवाडी सेविकांना उपदान मिळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तो निकाल एप्रिल 2022 चा. आणि त्यानंतरही डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रातील सेविकांना पन्नास दिवसांहून अधिक काळ संपावर राहावे लागले.

अंगणवाडी आहेच, मग पाळणाघर कशाला, असा प्रश्न महापालिकेच्या दालनांतून विचारला जातो. प्रश्न ठाणे जिल्ह्यात विचारला जावा, हे विशेष. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षणाचे काम केले, ते बोर्डी-कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. शाळेत न येऊ शकणाऱ्या मुलांच्या अंगणात शाळा नेण्याची कल्पना तेथे रुजली आणि 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. पण आजची अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तास बसवते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी ती घरी नेण्याचा आहार देते, छत देत नाही. आईची रजा सव्वीस आठवड्यांनी संपते, अंगणवाडीचे दार तिसऱ्या वर्षी उघडते. मधली अडीच वर्षे मुलाने कोठे काढायची?

वेळेचाही मेळ कोठे बसत नाही. योजनेतील पाळणाघर साडेसात तासांचे, कारखान्याची पाळी त्याहून मोठी. सप्टेंबर 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाचा दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा त्या बैठकीत पाळणाघराच्या तासांचा विचार कोणी केल्याचे दिसले नाही.

पैसा दिला म्हणजे काम झाले, असेही नाही. इंग्लंडने 2017 पासून नोकरदार आईबापांच्या तीन-चार वर्षांच्या मुलांना आठवड्याला तीस तासांचे मोफत संगोपन देऊ केले आणि सप्टेंबर 2025 पासून ते नऊ महिन्यांच्या मुलांपर्यंत नेले. तत्त्व उत्तम. पण सरकार जो दर देते त्यात खर्च भागत नाही, अशी पाळणाघरांची ओरड कायम राहिली आणि अनेकांनी जेवण, लंगोट, सहली यांच्या नावाखाली आईबापांकडून तूट भरून काढली. कोणता तास मोफत, कोणत्या वस्तूचे पैसे मागता येतील, कोणत्या नाही, हे स्पष्ट लिहिले नाही तर मोफत या शब्दाला काय अर्थ उरतो, ते तेथे दिसले. येथे तर दर ठरवण्यापासून आरंभ आहे.

म्हणून मागणी करायची ती एखाद्या पाळणाघराच्या उद्घाटनाची नव्हे. फीत कापून, भिंतीवर ससे रंगवून, दोन वर्षांनी कुलूप लागलेली पाळणाघरे पुष्कळ झाली. मागणी लेखी धोरणाची हवी, आणि त्यात पैशाचा मार्ग पहिल्या पानावर हवा. औद्योगिक विकास महामंडळ गाळेधारकांकडून पाणी आणि सेवा यांचे शुल्क घेतेच. त्याच देयकात कामगारसंख्येप्रमाणे पाळणाघराचा आकार जोडावा, कंत्राटी कामगार मोजून. जागा महापालिकेने द्यावी, बिनभाड्याची. उरलेला खर्च राज्य आणि केंद्राने द्यावा, आणि तो खर्चाच्या पावत्या तपासून वर्षभराने नव्हे तर दर महिन्याला आगाऊ द्यावा. कारण पाळणाघर चालवणाऱ्या वस्तीतल्या बाईजवळ सरकारला उसने देण्याइतके भांडवल नसते. सेविकेला कुशल कामगाराचे वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा मिळावा. मुलाचा प्रवेश आईच्या रेशनकार्डावर वा कंत्राटाच्या मुदतीवर अवलंबून नसावा. कंत्राट संपले म्हणून मूल बाहेर काढणारे पाळणाघर मालकाचेच एक शस्त्र होईल.

एका बाबतीत मात्र चळवळीने घाई करू नये. पाळणाघर कामाजवळ असावे की घराजवळ, याचे उत्तर साधे नाही. अंगावर पिणाऱ्या मुलासाठी ते कामाजवळच हवे. कायद्याने आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याचा हक्क दिला आहे, आणि तीन किलोमीटरवरच्या पाळणाघरात तो हक्क कागदावरच राहतो. पण दिव्याहून, डोंबिवलीहून लोकल पकडून ठाण्याला उतरणाऱ्या आणि तेथून बसने किंवा शेअर रिक्षाने इस्टेटमध्ये येणाऱ्या बाईने दोन वर्षांचे मूल त्या गर्दीत कडेवर आणावे, असे म्हणणाऱ्याने सकाळची दिव्याची गाडी पाहिलेली नसावी. वागळे इस्टेटमध्ये जमा झालेला पैसा मुलाबरोबर दिव्याला आणि डोंबिवलीलाही गेला पाहिजे. डोंबिवली दुसऱ्या महापालिकेत येते, ही सबब त्या आड येऊ नये.

लहान मालक म्हणेल, मोठ्या कंपन्या भाव पाडतात, त्यात हा नवा बोजा कसा सोसू? त्याचे पहिले वाक्य खरे आहे. म्हणूनच तर बोजा वाटून घ्यायचा. सरकार पैसा नाही म्हणेल. त्याने बांधकामावरील एक टक्का उपकराचे काय होते ते आधी सांगावे. बांधकाम कामगारांच्या नावाने जमलेला हा निधी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये सरकारांना खडसावले होते. जुन्या कारखान्यांच्या जागी टॉवर बांधणाऱ्या मजुरांची मुलेही वाळूच्या ढिगावरच खेळत असतात.

आणि शेवटी दोष युनियनच्या पदरातही टाकावा लागेल. मागणीपत्रात बोनस आणि महागाई भत्ता वर, पाळणाघर खाली कोठेतरी; तडजोडीच्या रात्री पहिल्यांदा खोडली जाते ती हीच ओळ. वाटाघाटीला बसलेल्यांत तान्हे मूल घरी ठेवून आलेली बाई क्वचितच असते. आता वागळे इस्टेटमध्ये रस्तावार, इमारतवार मोजणी व्हावी: प्रत्येक गाळ्यात किती स्त्रिया, किती पुरुष, कंत्राटदाराचे किती, सहा वर्षांखालील मुले किती आणि ती या घटकेला कोणाजवळ आहेत. कारखानदारांच्या संघटनेला, औद्योगिक विकास महामंडळाला आणि दोन्ही महापालिकांना ती यादी एकाच दिवशी द्यावी, म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी चौघांच्याही हातात तोच कागद असेल.