पंख्याला तारे मिळायला 2023 का उजाडले?

1/ उन्हाळा लागला की एक उपदेश हमखास ऐकू येतो: लोक स्टार न पाहता वस्तू घेतात आणि मग वीजबिलाची ओरड करतात. उपदेशकांनी आधी सनावळी पाहावी. दोष ग्राहकाच्या अज्ञानात कमी, नियमांच्या क्रमात अधिक आहे.

2/ ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. 2006 मध्ये स्टार लेबल आले, पण ऐच्छिक. जानेवारी 2010 मध्ये सक्ती झाली, ती घरगुती वस्तूंपैकी एसी, फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आणि ट्यूबलाइट यांवर. ट्यूबलाइट घरोघरची, हे मान्य. पण छताचा पंखा? त्याच्यावर सक्ती 1 जानेवारी 2023 पासून. मध्ये तब्बल 13 वर्षे!

3/ मित्रहो, 2010 च्या नांदेड-लातूरमधील कोणतीही गल्ली डोळ्यांपुढे आणा. एसी मोजा, मग पंखे मोजा. त्याच सुमारास भारनियमनही होते. गळती आणि वसुली पाहून फीडरांचे गट पाडले जात व अंधाराचे तास त्यावर ठरत. म्हणजे ग्राहकांची प्रतवारी आधी झाली, पंख्यांची नंतर.

4/ हिशेब सोपा आहे. जुन्या धाटणीचा पंखा सुमारे 75 वॅटचा, बीएलडीसी सुमारे 30 चा. रोज 15 तास धरल्यास महिन्याला एका पंख्यामागे 20 युनिटांचा फरक. दोन पंख्यांचे 40. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात 100 युनिटांनंतर दर चढतो. त्या रेषेवर जगणाऱ्या घराला हे 40 युनिट किरकोळ नाहीत.

5/ ऐच्छिक लेबल होतेच की, असा बचाव केला जातो. पण ऐच्छिक व्यवस्थेत गुण मिळवणाराच प्रगतिपुस्तक दाखवतो. नापास पंखा निमूटपणे विकला जातो. सक्तीने किंमत वाढते, हेही खरे. मात्र किंमत एकदाच मोजावी लागते, बिल दरमहा. (इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी जाता जाता: लेबलवरचे वर्ष आधी वाचा. निकष बदलत असतात, त्यामुळे जुने पाच तारे आजचे पाच नव्हेत.)

6/ आणि लेबलची सक्ती होऊनही एक वर्ग बाहेरच राहिला. ‘लातूर पॅटर्न’साठी आलेली मुले भाड्याच्या खोल्यांत राहतात. पंखा घरमालक निवडतो, तोही बहुधा स्वस्तातला किंवा वाइंडिंग करून आणलेला. युनिटचे पैसे मुलांचे पालक भरतात. त्या पालकाने कोणत्या दुकानात जाऊन कोणते तारे मोजावेत, हे उपदेशकांनी सांगावे.