पोलिसांना बोलावू का?

मराठी घरात लहान मुलाला गणवेशातल्या माणसाची पहिली ओळख होते ती धमकीतून. जेवत नाहीस? थांब, पोलिसांना बोलावते. औषध घेत नाहीस? मग डॉक्टर मोठ्ठी सुई टोचतील. बागुलबुवा मागे पडला आणि त्याची जागा खाकीने आणि पांढऱ्या कोटाने घेतली. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, चार घास पोटात जावेत एवढंच असतं. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला हेतू कळत नाही, गोष्ट तेवढी कळते: गणवेशातली माणसं वाईट मुलांना न्यायला येतात. त्यामुळे लहानग्यांच्या पुस्तकांत रुग्णवाहिका, आगीचा बंब, अपघात असले विषय आणावेत की नाही, ही चर्चाच मला फसवी वाटते. ती गोष्ट आपण रोज सांगतोच आहोत, फक्त चुकीची सांगतोय.

तिची किंमत काय, हे अग्निशमन दलाच्या जवानांना ठाऊक असतं. धुराने भरलेल्या घरात लहान मुलं बाहेर पळत नाहीत, पलंगाखाली किंवा कपाटात दडून बसतात. त्यातच तोंडावर मुखवटा, पाठीवर नळकांडं आणि श्वासाचा घरघर आवाज करत कुणी आत शिरलं, तर मूल हाकेला ओ देण्याऐवजी आणखी आत सरकतं. म्हणूनच अनेक देशांत जवान शाळेत जातात आणि मुलांसमोर एकेक वस्तू अंगावर चढवतात. मुखवट्यामागे मघाचाच काका आहे, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. हेच काम पुस्तकाच्या दोन पानांत होतं, आणि ती पानं हवी तितक्या वेळा उलटता येतात. ही भीती वयाबरोबर गळून पडते असंही नाही. रस्त्यावर कुणी जखमी होऊन पडलं तर ‘पोलिसांचं लचांड नको’ म्हणून पुढे जाणारी माणसं आपण पाहतो. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, यासाठी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला मार्गदर्शक तत्त्वांवर शिक्कामोर्तब करावं लागलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ घालावं लागलं. कायदा झाला, पण मनातली खाकी अजून तशीच आहे.

‘एवढ्याशा पोराला काय कळणार?’ या शंकेचं उत्तर नॉर्वेतल्या एका अभ्यासाने दिलं आहे. तिथे सहा-सात वर्षांच्या मुलांना प्राथमिक शाळेतच प्रथमोपचाराच्या पाच तासिका दिल्या गेल्या. माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, हे पाहणं, योग्य क्रमांक सांगणं आणि फोनवर नीट माहिती देणं, या सगळ्यांत ही मुलं न शिकलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. ग्रीसमधल्या मॅसेडोनिया विद्यापीठात तयार झालेला ‘फास्ट हीरोज’ हा उपक्रम तर पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आजी-आजोबांच्या गोष्टींतून पक्षाघाताची लक्षणं ओळखायला शिकवतो. आपल्याकडे हे अगदी लागू पडतं. आईवडील कामावर आणि घरात आजी नि नातू दोघंच, अशी दुपार आपल्या शहरांत आणि खेड्यांत सारखीच असते. आजी न्हाणीघरात पडली, तर घरातला दुसरा शुद्धीवरचा माणूस साडेपाच वर्षांचा असतो.

मात्र परदेशी पुस्तकं उतरवून काढून हे भागणार नाही. कार्टून बघून आपल्या मुलांना ९११ पाठ असतो आणि तो इथला क्रमांक नाही. आपली गाडी वेगळी आहे. महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. तिच्यातून प्रशिक्षित सहायकच नाही, तर डॉक्टर येतो आणि चालकाला तिथे ‘पायलट’ म्हणतात. (रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला पायलट असतो, या एका वाक्यावर कुठलंही मूल पुस्तक उघडेल.) जपमाळेच्या मण्यांमुळे १०८ लक्षात राहायलाही सोपा. पोलीस, आग, आजार या सगळ्यांसाठी ११२ आहेच, आणि फोनला कुलूप असलं तरी तो लागतो. एका पुस्तकात एकच क्रमांक असावा; सहा क्रमांकांचा तक्ता भिंतीवरच शोभतो. पण क्रमांकाहून अवघड गोष्ट पुढे आहे. गडचिरोलीतून १०८ लावला तरी तो उचलला जातो पुण्यातल्या नियंत्रण कक्षात. तिथल्या माणसाला ‘मारुतीच्या देवळामागे’ सांगून कळणार नाही; गाव, तालुका, जिल्हा, मग देऊळ, असं सांगावं लागतं. मोठ्यांचीही गाडी इथेच अडते.

आता साहित्याच्या बाजूने येणारा आक्षेप, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. मुलांच्या पुस्तकांवर आधीच उपदेशाचं ओझं आहे, त्यात ही आणखी एक माहितीपत्रिका कशाला? खरं आहे. आजी पडली, बंड्याने फोन केला, आजी बरी झाली, टाळ्या वाजल्या, असलं पुस्तक मूल दुसऱ्यांदा मागणार नाही. पण माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्ये घरातली साधीसुधी माणसंच आहेत, तात्पर्य कुठेही नाही, आणि तरी मुलं ते पुन्हा पुन्हा मागतात. लहान मूल एकच गोष्ट पन्नास वेळा ऐकतं आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी अडवतं. सरावासाठी यापेक्षा चांगली सोय कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात नाही. भोपळ्यातल्या म्हातारीचं पालुपद आपल्याला कुणी मुद्दाम पाठ करून घेतलं नव्हतं. फोनवरच्या माणसाचे प्रश्न, म्हणजे कुठून बोलतोस, काय झालंय, आजी बोलते का, असेच पालुपदासारखे येत राहिले तर ते उपदेश राहत नाहीत, खेळ होतात.

मुलं गंमत म्हणून फोन लावत बसतील, असं काहींना वाटतं. लावतीलही थोडी. पण पलीकडे कुणीच नाही असं वाटतं तोवरच फोन हे खेळणं असतं. पलीकडे कानाला हेडफोन लावून बसलेली, रात्रपाळीला डबा घेऊन आलेली एक ताई आहे, हे चित्रात दिसलं की बराच फरक पडतो. याहून बोचरा प्रश्न निराळाच आहे: गाडी वेळेवर आलीच नाही तर? पावसाळ्यात रस्ता तुटलेल्या पाड्यावर आजही रुग्णाला झोळीतून खाली आणावं लागतं. तिथल्या मुलाला दोन मिनिटांत हजर होणारी चकचकीत गाडी दाखवणं म्हणजे शुद्ध थाप. लेखकाने या वाटेला जाऊच नये. वाट पाहणं हाच या गोष्टीचा खरा गाभा आहे. साप चावलेल्या बाबांना चालू द्यायचं नाही, जखमेला ब्लेड लावायचं नाही, कुणीतरी विजेरी घेऊन फाट्यावर उभं राहायचं, कुत्रं बांधायचं, अंगणातली मोटारसायकल बाजूला घ्यायची. करण्यासारखं इतकं असतं की या अर्ध्या तासावरच पुस्तक उभं राहील आणि त्यात मुलाला करता येण्याजोगं कामही असेल.

अशा पुस्तकाचं शेवटचं पान कोरं असावं. त्यावर घरच्यांनी मुलाला समोर बसवून, त्याला सांगता येईल अशा शब्दांत घराचा पत्ता लिहायचा. पेन हातात घेतल्यावर अनेक घरांत आधी मोठ्यांचाच वाद होईल, आपल्या वस्तीला नक्की काय म्हणायचं आणि फाट्यापासून डावीकडे वळायचं की उजवीकडे.