खटल्यातला तिसरा वाटेकरी

मागच्या दिवाळीत पुण्याला बहिणीकडे गेले होते. फराळाला भाच्याचे दोन मित्र आले होते आणि तिघे मोबाईलवर शेअरचे भाव बघत बोलत बसले होते. असल्या बोलण्याकडे माझे लक्ष नसते. पण मध्येच 'दावा', 'अपील', 'तडजोड' असे शब्द कानावर यायला लागले. कोर्टकचेरी म्हणजे तर आमचे रोजचेच. म्हणून विचारले, "बाबांनो, कुणाचा खटला चाललाय?" तर भाचा म्हणाला, "मावशी, खटला आपला नाही. आपण त्यात फक्त पैसे लावायचे."

मग त्याने समजावून सांगितले. बर्फर्ड कॅपिटल नावाची एक कंपनी आहे. २००९ साली निघाली, त्याच वर्षी लंडनच्या शेअरबाजारात आली आणि २०२० पासून न्यूयॉर्कच्याही बाजारात आहे. तिचा धंदा काय, तर दुसऱ्यांच्या खटल्यांना पैसा पुरवायचा. ज्याचा दावा भक्कम आहे पण वकिलाला द्यायला पैसा नाही, किंवा पैसा आहे पण स्वतःचा अडकवायचा नाही, त्याचा खर्च ही कंपनी करते. जिंकला तर मिळकतीत वाटा घेते, हरला तर कंपनीचे पैसे बुडतात. हा पैसा कंपनी आणते कुठून? शेअर विकून आणि कर्जरोखे काढून. म्हणजे कुठल्यातरी देशातल्या पेन्शनर माणसाने चार पैसे रोख्यात ठेवले, तर त्याचे व्याज तिसऱ्याच देशातल्या कुणाच्या तरी खटल्यातून निघणार!

पोरांचा वाद होता तो शेअर बरा की रोखा बरा, यावर. एकाचे म्हणणे, रोखेवाल्याला खटला हरो की जिंको, कंपनी उभी आहे तोवर ठरलेले व्याज मिळते, ते बरे. दुसरा म्हणे, घबाड आहे ते शेअरमध्ये. स्पेनमधल्या एका दिवाळखोर कंपनीचा अर्जेंटिना सरकारवरचा दावा लढवण्याचा हक्क बर्फर्डने २०१५ साली दीड कोटी युरोला घेतला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्या आणि त्याच्या जोडीच्या दाव्यात मिळून सोळा अब्ज डॉलरचा निकाल दिला. अर्जेंटिना अर्थातच अपिलात गेले. तिसऱ्याने ऑगस्ट २०१९ ची आठवण काढली. तेव्हा एका अमेरिकन टीकाकार फर्मने आरोप केला, की निकाल न लागलेल्या दाव्यांची अंदाजी किंमत धरून ही कंपनी वहीत नफा दाखवते. कंपनीने आरोप फेटाळला, पण एका दिवसात शेअर जवळजवळ निम्म्यावर आला. न लागलेल्या निकालाची किंमत काय धरायची, यावर तिघांची अर्धा तास चर्चा चालली. हुशार पोरे आहेत, चर्चाही मन लावून केली. पण ज्यांचे ते दावे, त्या माणसांचे नाव एकदाही निघाले नाही.

मला मात्र त्यावेळी आमच्याकडची एक बाई आठवत होती.

अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यात तिचे माहेर. वय पंचावन्नच्या पुढे, नवरा वारलेला, मुलगा हैदराबादला बांधकामावर. बापाची नऊ एकर वडिलोपार्जित जमीन, वाटेकरी तिघे, दोन भाऊ आणि ही. कायद्याने तिचे तीन एकर. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्माने हिस्सा दिला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले, की त्यासाठी २००५ साली बाप जिवंत असण्याचीही अट नाही. हे आम्ही शिबिरात सांगितले आणि ती उठून म्हणाली, "मग माझं वावर मला पायजे." आम्ही टाळ्या वाजवल्या. आता त्या टाळ्या आठवल्या की थोडे ओशाळायला होते.

कारण दावा लावला २०२१ साली आणि पुढे काय? तारीख. भाऊ रान कसून खातात, सोयाबीन विकून वकिलाला पैसे देतात. हिचा एका पेशीला दिवसाचा रोज बुडतो आणि एस. टी. चे तिकीट लागते. भावांना थांबणे परवडते, हिला परवडत नाही. कोर्टात कायदा कुणाच्याही बाजूने असो, थांबायची ताकद ज्याची जास्त त्याच्या बाजूने गोष्टी सरकतात, हे आपण सगळ्याजणी रोज बघतो. दीड वर्षाने ती केंद्रात यायची बंद झाली. आम्हाला वाटले, भावांनी दबाव आणला.

तसे नव्हते. तालुक्यातल्याच एका प्लॉटिंगच्या धंद्यातल्या माणसाने तिला गाठले होते. "मावशे, खर्च सगळा माझा. हरलीस तर एक रुपया देऊ नको. जिंकलीस तर निम्मं रान माझं." स्टँपपेपरवर अंगठा झाला. बर्फर्डचाच धंदा की हा! फक्त याचे शेअर मिळत नाहीत.

मी भाच्याला ही गोष्ट सांगितली, तर त्याने चटकन विचारले, "पण मावशी, त्याने पैसे दिले नसते तर तिची केस टिकली असती का?" खरे आहे. नसती टिकली. आपण बायकांच्या हक्कांसाठी मोर्चे काढले. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वारसाहक्काचा कायदा केला, त्यासाठी झगडलो. पण हक्क वसूल करायला जो पैसा आणि जी वर्षे लागतात ती कुणी पुरवायची, हा हिशोब आपण मांडला नाही. ती रिकामी जागा त्या माणसाने भरली. त्याला नुसता सावकार म्हणून शिव्या घालून आपण सुटत नाही.

माझा आक्षेप दुसराच आहे. गेल्या वर्षी भावांकडून निरोप आला, दीड एकर घे, केस काढून घे, माहेर पुन्हा उघडे आहे. पंचमीला ये, तुझी साडीचोळी ठेवली आहे. तीन एकरांचा हक्क असताना दीडवर मिटवू नये, असे मलाही वाटत होते. पण तिला ते हवे होते. भावाच्या लेकीचे लग्न होते, आपले दुखणे वाढत चालले होते, आणि माहेराची किंमत एकरात मोजता येत नाही हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळते. ती हो म्हणायला निघाली तेव्हा तो माणूस आडवा आला. साठ गुंठ्यांचे निम्मे म्हणजे तीस गुंठे, त्याला ते पुरणारे नव्हते. म्हणाला, तीन एकराच्या खाली सही करायची नाही. करायचीच असेल तर माझा खर्च व्याजासकट आत्ता मोकळा कर. म्हणजे दावा तिचा, भाऊ तिचे, माहेर तिचे, आणि मिटवायचे की लढायचे हे ठरवणार तो.

हे खेड्यापाड्यात अडाणी बायकांचेच होते असे समजू नका. सिस्को नावाची अमेरिकेतली फार मोठी अन्नपुरवठा कंपनी आहे. मांसाचे भाव संगनमताने चढवले म्हणून तिने मांसकंपन्यांवर दावे लावले आणि त्यासाठी याच बर्फर्डकडून चौदा कोटी डॉलर घेतले. पुढे काही दावे मिटवायला निघाली, तर बर्फर्ड म्हणाली रक्कम फार कमी आहे, आणि लवादाकडून तडजोडीवर बंदी आणली. २०२३ च्या मार्चमध्ये सिस्कोच उलट कोर्टात गेली आणि जूनमध्ये प्रकरण मिटले ते असे, की दावेच बर्फर्डच्या हाताखालच्या एका कंपनीकडे गेले. एवढ्या मोठ्या कंपनीला स्वतःचा खटला मिटवता आला नाही, तर आमच्या मावशीचे काय घेऊन बसलात! पैसे लावणाऱ्याला खटल्यातून फक्त परतावा हवा असतो. त्यात त्याचे वाईट म्हणावे असेही काही नाही, रोखेवाल्याला व्याज द्यायचे असते. पण खटला लढणाराला कधी कधी परताव्यापेक्षा वेगळे काही हवे असते.

आणखी एक. परतावा बघणारा माणूस दावे निवडून घेतो. २०१९ च्या मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीने, म्हणजे वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधणाऱ्या कंपनीने, लवादातले आपले निवाडे आणि दावे ब्लॅकरॉकसह काही गुंतवणूकदारांना १,७५० कोटींना देण्याचे ठरवल्याचे जाहीर केले. थांबणे विकता येते ते असे, घबाड मोठे असेल तर. आमच्याकडे वाढीव मावेजाच्या केसेस आणि ट्रकखाली गेलेल्या नवऱ्याच्या अपघाताच्या केसेस टक्केवारीवर घेणारे लोक आहेत, कारण तिथे सरकार किंवा विमा कंपनी पैसे देणार हे पक्के असते. अशिक्षित वारसांची भरपाई बँकेत मुदत ठेवीत ठेवा, असे सुप्रीम कोर्टाला १९९४ सालीच सांगावे लागले. पोटगीच्या केसला मात्र कुणी पैसे लावल्याचे मी आजवर ऐकले नाही. २००१ पर्यंत तर कलम १२५ खालच्या पोटगीला कायद्यानेच तुटपुंजी मर्यादा घातलेली होती. त्यात निम्मा वाटा मागून कुणाचे काय भागणार?

कायदा याविषयी काय म्हणतो, ते वकील मैत्रिणीला विचारले. असा करार मुळात बेकायदा नाही, पण तो पिळवणुकीचा असेल तर कोर्ट तो मानणार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ सालीच सांगून ठेवले आहे. वकिलाने स्वतः टक्केवारीवर केस घेणे बार कौन्सिलच्या नियमाने बंद आहे. ते होत नाही असे मी म्हणत नाही. इतरांनी खटल्याला पैसे पुरवायला बंदी दिसत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये म्हटले. आणि आपल्या महाराष्ट्रात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या आदेशात दुरुस्ती आहे, की दाव्यातल्या मालमत्तेचा हिस्सा कबूल करून घेऊन जो खर्च पुरवतो, त्याची संमती असेल तर कोर्ट त्याला वादी करून घेऊ शकते, किंवा समोरच्याच्या खर्चासाठी त्याच्याकडून तारण मागू शकते. म्हणजे पडद्यामागच्या माणसाला कायदा ओळखतो. आपण मात्र त्याला कधी पुढे बोलावले नाही.

त्या माणसाने दिलेला खर्चाचा कागद आम्ही वाचला. त्यात कोर्ट फीची भलीमोठी रक्कम होती. मैत्रिणींनो, १ ऑक्टोबर १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने महाराष्ट्रात बाईला मालमत्तेच्या, पोटगीच्या, हिंसेच्या आणि घटस्फोटाच्या दाव्यात कोर्ट फी माफ आहे! जी फी भरायचीच नव्हती तिच्यावर व्याज चढत होते. वकीलही तिला तालुका विधी सेवा समितीकडून फुकट मिळाला असता. १९८७ च्या कायद्यात बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे तिला कुणी सांगायला हवे होते? आम्हीच. शिबिरात हक्क सांगितला आणि खर्चाचे सांगायला विसरलो.

मोफत वकिलाने सगळे भागत नाही हेही कबूल करते. मोजणी, नकला, बुडालेला रोज यांना पैसा लागतोच. बचत गटांनी गटाच्या व्याजातून थोडा पैसा या कामासाठी बाजूला काढावा, परतफेड फक्त खर्चापुरती घ्यावी, असे मी आमच्या बैठकीत मांडले. दोन गटांनी लगेच नाही म्हटले, बुडीत जाईल म्हणून. त्यांचेही चूक नाही. पण बाईला दुसरीकडून पैसा घ्यावाच लागला, तर अंगठ्याच्या आधी कागद आपल्यापैकी कुणीतरी वाचलाच पाहिजे. तडजोड करायची की नाही हे ती एकटी ठरवील असे त्यात असावे, वाटा झालेल्या खर्चाच्या किती पटीपर्यंत हे आकड्यात असावे, आणि पावतीशिवाय खर्च धरला जाऊ नये. आपापल्या तालुक्यात असे स्टँपपेपर किती फिरताहेत ते बघा आणि नावे झाकून आम्हाला पाठवा.

परवा बाजाराला आली तेव्हा ती केंद्रात येऊन गेली. विधी सेवा समितीचा अर्ज भरला. स्टँपपेपरची झेरॉक्स आता आमच्या फायलीत आहे. मी म्हटले, तो माणूस पिळवणूक करतोय हे कोर्टाला सांगता येईल. तिने पदराने चष्मा पुसला आणि विचारले, "मंजे ताई, भावावर एक आन् ह्याच्यावर एक, दोन केसी झाल्या की मला. पेशी एकाच दिवशी ठिवता येत्यात का बघा. येक दिवसाचा रोज वाचंल."