पदकांची चकाकी आणि मेंदूचे मोल

लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिंपिकच्या कार्यक्रमात बीएमएक्स फ्रीस्टाइल या सायकल कसरतींच्या क्रीडाप्रकाराचा समावेश आहे. १९७० च्या सुमारास याच दक्षिण कॅलिफोर्नियातील मुलांनी मोटोक्रॉसची नक्कल करत लहान चाकांच्या सायकली मातीत दामटल्या आणि त्यातून बीएमएक्सचा जन्म झाला. त्या अर्थाने हा खेळ माहेरी येत आहे. मात्र या माहेरपणाच्या कौतुकात डेव्ह मिरा या खेळाडूच्या कारकीर्दीचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. या खेळाचे वैभव आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी त्या एकाच आयुष्यात सामावल्या आहेत.

न्यूयॉर्क राज्यातील चिटनँगो या छोट्या गावी १९७४ मध्ये मिराचा जन्म झाला. १९९३ मध्ये मद्यधुंद चालकाच्या मोटारीने त्याला धडक दिली. कवटीला तडा गेला, जीव थोडक्यात वाचला. त्याची कारकीर्द संपली, अशीच अनेकांची समजूत झाली होती. परंतु तो पुन्हा सायकलवर बसला आणि १९९५ मध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीने सुरू केलेल्या स्पर्धेत, म्हणजे पुढे 'एक्स गेम्स' या नावाने गाजलेल्या सोहळ्यात, पदक घेऊन गेला. या स्पर्धांत त्याने एकूण २४ पदके मिळवली. त्यांपैकी १४ सुवर्ण होती. २००० च्या एक्स गेम्समध्ये हवेत मागच्या बाजूला लागोपाठ दोन कोलांट्या घेऊन, म्हणजे 'डबल बॅकफ्लिप' साधून, तो सहीसलामत उतरला. त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम घरोघरी पोहोचला; पुढे त्याने स्वतःची सायकल कंपनीही काढली.

स्पर्धात्मक बीएमएक्समधून बाहेर पडल्यावरही मिरा स्वस्थ बसला नाही. मोटार रॅली, मुष्टियुद्धाचा सराव, दीर्घ पल्ल्याची ट्रायथलॉन अशी नवनवी आव्हाने तो शोधत राहिला. ४ फेब्रुवारी २०१६ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीनव्हिल येथे, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, त्याने जीवन संपवले. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्या मेंदूच्या तपासणीचा निष्कर्ष कुटुंबीयांनी जाहीर केला. त्याला 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी' अर्थात सीटीई हा विकार होता. साहसी क्रीडाप्रकारांतील खेळाडूत या विकाराचे निदान होण्याची ती पहिलीच वेळ होती.

डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांशी या विकाराचा संबंध जोडला जातो. मेंदूत 'टाउ' या प्रथिनाचा विकृत साठा होत जातो. स्मृती, मनःस्थिती व वर्तन यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. त्याचे खात्रीचे निदान मृत्यूनंतरच होते. अर्थात, मिराच्या अखेरच्या निर्णयाचे सारे खापर या एका विकारावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. आत्महत्येमागे अनेक कारणे गुंतलेली असतात. शिवाय त्याच्या डोक्याला मोटारीचा अपघात आणि मुष्टियुद्ध यांचेही आघात सोसावे लागले होते. तथापि, या निदानाने जो प्रश्न पुढे आणला, तो टाळता येण्याजोगा नाही.

तो प्रश्न जबाबदारीचा आहे. अमेरिकन फुटबॉलमधील माजी खेळाडूंनी न्यायालयाची दारे ठोठावली, तेव्हा समोर श्रीमंत 'नॅशनल फुटबॉल लीग' होती. २०१३ मध्ये तिने ७६.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली आणि ही मर्यादाही पुढे उठवण्यात आली. फ्रीस्टाइलपटूने मात्र कोणाकडे दाद मागायची? तो कोणत्याही संघाचा पगारी नोकर नसतो. त्याची मिळकत प्रायोजक आणि बक्षिसे यांवर अवलंबून असते. पडल्यावर विश्रांती घेतली तर उत्पन्न आटते. म्हणून गरगरणारे डोके घेऊन पुन्हा सायकलवर बसण्याचा मोह मोठा असतो.

या मोहाला खेळाची रचनाही खतपाणी घालते. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत प्रत्येकी एका मिनिटाच्या दोन संधी मिळतात आणि त्यांतील सरस गुण धरले जातात. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ब्रिटनची शार्लट वर्दिंग्टन पहिल्या संधीत कोसळली. दुसऱ्या संधीत तीच ३६० अंशांची बॅकफ्लिप साधून तिने ९७.५० गुणांसह सुवर्णपदक जिंकले. तिच्या धैर्याला दाद द्यावी तेवढी थोडीच. पण जी चाल एकदा अंगावर आली, तीच पुन्हा करणाऱ्याला येथे सर्वोच्च बक्षीस मिळू शकते, हेही त्यातून दिसते.

जोखीम काढून टाकली तर हा खेळच उरणार नाही, हा खेळाडूंचा युक्तिवाद रास्त आहे. अवघड चाली आता आधी फोमच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्यात घोटवल्या जातात, हे सुधारणेचेच लक्षण होय. परंतु मोडलेले हाड क्ष-किरणांत दिसते. मेंदूची इजा तशी दिसत नाही. म्हणूनच डोके आपटलेल्या खेळाडूला उतरू द्यायचे की नाही, हा निर्णय त्याच्या हिमतीवर किंवा प्रायोजकाच्या निकडीवर सोडता येणार नाही. तो स्वतंत्र वैद्यकाच्याच हाती असला पाहिजे. मिराने मृत्यूच्या दाढेतून परत येऊन पदके जिंकली, ही कथा अमेरिकेने आवडीने सांगितली. त्या कथेचा उत्तरार्धही तितक्याच आवर्जून सांगितला गेला, तरच त्याच्या मागून रॅम्पवर चढणाऱ्या मुलांना न्याय मिळेल.